बधिर गालापासून कवटीच्या तळापर्यंत

(दिल्लीतील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



कर्करोग पसरतो म्हणजे कसा पसरतो, असे विचारले तर बहुतेक जण दोन वाटा सांगतात. एक रक्तातून, दुसरी लसिकाग्रंथींतून. म्हणूनच तोंडात गाठ दिसली की डॉक्टर मान चाचपून पाहतात आणि छातीचा फोटो काढायला सांगतात. डोक्या-मानेच्या कर्करोगाला मात्र तिसरी वाटही आहे, आणि रुग्णाला सोडाच, त्याला प्रथम तपासणाऱ्या डॉक्टरलाही पुष्कळदा तिची शंका येत नाही. ती वाट नसांची. गालातली, टाळूवरची किंवा कानाखालच्या लाळग्रंथीतली गाठ जवळच्या नसेच्या आवरणात शिरते आणि त्या नसेला धरून मेंदूच्या दिशेने सरकू लागते. बाहेरची गाठ वाढलेली दिसत नाही, मानेत हाताला काही लागत नाही, भूक आणि वजन जागच्या जागी असते. हनुवटीचा एक कोपरा बधिर होतो किंवा गालावर मुंग्या चालल्यासारखे वाटते, एवढेच. काही रुग्णांत तेवढेही होत नाही.

ही तिसरी वाट चित्रात कशी दिसते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. यंत्र कितीही उत्तम असले तरी ही वाट आपोआप दिसत नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवे. ती शोधायला कोणीतरी सांगावे लागते. त्या सांगण्याची सुरुवात बाह्यरुग्ण विभागात, रुग्णाने बोलून दाखवलेल्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या तक्रारीपासून होते. तक्रार कागदावर उतरली नाही तर कोट्यवधी रुपयांचे यंत्र नेमकी तीच जागा धूसर दाखवून मोकळे होते.

मेंदूपासून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत. जर्मन शरीररचनातज्ज्ञ सॅम्युअल थॉमस झोमरिंग यांनी १७७८ मध्ये त्यांची जी क्रमवारी लावली तीच आजही चालते. कर्करोगाच्या दृष्टीने यांतल्या दोन जोड्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते, पाचवी आणि सातवी. पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल नर्व्ह, चेहऱ्याला स्पर्श देते. तिच्या तीन शाखा आहेत: कपाळ आणि डोळ्याकडे जाणारी पहिली, गाल, वरचा ओठ, वरचे दात आणि टाळू सांभाळणारी दुसरी, खालचा जबडा, खालचे दात आणि हनुवटीकडे जाणारी तिसरी. चावण्याच्या स्नायूंची दोरीही या तिसरीच्याच हाती असते. सातवी, म्हणजे फेशियल नर्व्ह, चेहरा हलवते. डोळा मिटणे, हसणे, ओठ आवळणे ही सगळी तिची कामे. मेंदूतून निघून ती कानामागच्या हाडातून वळणे घेत बाहेर येते आणि पॅरोटिड या लाळग्रंथीत शिरून पंख्यासारखी पसरते. त्यामुळे पॅरोटिडच्या कर्करोगाला ही नस कायमच हाताशी सापडते.

या दोन नसा एकमेकींपासून अगदी अलग नाहीत. कानापुढून जाणारी पाचवीची एक शाखा पॅरोटिडच्या आतच सातवीला जाऊन भेटते. कवटीच्या तळाशी व्हिडियन नावाच्या बारीक नलिकेतूनही दोघींचा संबंध येतो. म्हणून सातवीतून सुरू झालेला कर्करोग पाचवीत उतरू शकतो, आणि पाचवीतला सातवीत.

हे ज्ञान नवे नाही. खालच्या ओठाचा कर्करोग हनुवटीच्या नसेत शिरल्याचे एक प्रकरण जर्मनीत अर्न्स्ट नॉयमान यांनी १८६२ मध्ये नोंदवून ठेवले होते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातील ॲलँडो बॅलंटाइन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये डोक्या-मानेच्या अशा रुग्णांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला, आणि नसांतून होणारा प्रसार हा दुर्मीळ अपवाद नाही हे शल्यविशारदांना मान्य करावे लागले. पण तोवर हा प्रसार कळायचा तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाखाली किंवा मृत्यूनंतर. जिवंत माणसाच्या कवटीच्या तळाशी तीन-चार मिलिमीटर जाडीच्या नसेत काय चालले आहे, हे पाहण्याची सोयच नव्हती.

कर्करोग नसेत का शिरतो? पूर्वी असे मानत की नसेच्या आवरणातल्या थरांमधली जागा सैल असते, तिथे पेशींना अडथळा होत नाही, म्हणून त्या तिथून सरकतात. आता चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. नस स्वतः काही प्रथिने स्रवते. ती नसेच्या वाढीसाठी आणि दुरुस्तीसाठी असतात, आणि काही कर्कपेशींच्या पृष्ठभागावर नेमकी तीच प्रथिने ओळखणारे ग्राहक असतात. नसेला वेढणाऱ्या श्वान पेशी तर कर्कपेशींना बिलगून त्यांना आवरणात आत ओढून नेतात, असेही प्रयोगशाळेत दिसले आहे. सगळे कर्करोग याबाबतीत सारखे नसतात. लाळग्रंथींचा ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा यात सर्वांत पुढे. तो सावकाश वाढतो. निदानानंतर पाच वर्षांनी बहुतेक रुग्ण हयात असतात, पण दहा-पंधरा वर्षांनीही तो नसेच्या वाटेने परत येतो. एकूण रुग्णसंख्येत मात्र अधिक वाटा स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगाचा असतो, कारण तो मुळातच फार जास्त लोकांना होतो. ऑस्ट्रेलियात उन्हाने गोऱ्या कातडीला होणाऱ्या अशा कर्करोगांमुळे क्वीन्सलँडच्या डॉक्टरांनी या विषयाचा खोलवर अभ्यास केला. आपल्याकडे तो कातडीपेक्षा तोंडातून येतो.

आणि तोंडातून येतो म्हणजे तंबाखूतून येतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते आणि २१.४ टक्के ती चघळत किंवा दाढेखाली धरत होते. महाराष्ट्रात हे धूरविरहित प्रमाण २४.४ टक्के होते, दिल्लीत ८.८ टक्के. दिल्लीत विडी-सिगारेट जास्त, महाराष्ट्रात चुना-तंबाखू, मावा, खर्रा आणि मिश्री. २०२२ च्या ग्लोबोकॅन अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होतात, आणि पुरुषांमध्ये हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. मराठी घरांना हा आजार आकडेवारीतून शिकायची गरज नाही. २००४ मध्ये शरद पवार यांना तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर दिल्लीत कृषिमंत्रिपदाचे काम सांभाळत त्यांनी उपचार घेतले, आणि पुढे तंबाखू-सुपारीच्या सवयीविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील याच आजाराने गेले, तेव्हा तासगावच नव्हे, अवघा महाराष्ट्र हळहळला.

भारतीय तोंडाच्या कर्करोगाची आवडती जागा म्हणजे गालाची आतली बाजू, खालची हिरडी आणि त्यांच्यामधली खाच, जिथे तंबाखूची गोळी तासन् तास धरली जाते. ही जागा नसांच्या दृष्टीने अडचणीची आहे. खालच्या जबड्याच्या हाडातून पाचवीच्या तिसऱ्या शाखेची एक मोठी फांदी जाते, आणि हनुवटीजवळच्या छिद्रातून ती बाहेर डोकावते. हिरडीचा कर्करोग हाडात उतरला की ही फांदी त्याच्या तावडीत सापडते. तिथून मागे, जबड्याच्या आतल्या बाजूने वर, कवटीच्या तळातल्या फोरामेन ओव्हॅले या लंबगोल छिद्रातून तो थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो.

आता दिल्लीकडे येऊ. ही वाट जिवंत माणसात पाहण्याची क्षमता भारतात या शहरातच प्रथम आली. तिमारपूरमधील संरक्षण संशोधन संस्थेच्या इन्मास या प्रयोगशाळेत, म्हणजे अण्वौषध आणि संलग्न विज्ञान संस्थेत, १९८६ मध्ये देशातले पहिले एमआरआय यंत्र बसले. त्याआधी सीटी स्कॅन होता, आणि त्याने मोठे काम केले होते. १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत ह्यू कर्टिन आणि सहकाऱ्यांनी सीटीवर वरच्या जबड्यामागच्या पोकळीतील चरबी नाहीशी होणे आणि कवटीची छिद्रे रुंदावणे ही नसेतल्या प्रसाराची लक्षणे म्हणून मांडली. पण छिद्राचे हाड रुंदावते तोवर कर्करोग तिथे बराच काळ ठाण मांडून बसलेला असतो. हाड झिजण्याआधी नस जाड होते, आणि ती जाडी पाहायची तर एमआरआयच हवा. १९८८ मध्ये गॅडोलिनियम या धातूचे कॉन्ट्रास्ट औषध अमेरिकेत वापरात आले. थॉमस डिक्सन यांनी १९८४ मध्ये चरबी आणि पाणी यांचे संकेत वेगळे करण्याची पद्धत मांडली होती. या दोन गोष्टी हाताशी आल्यावर नसेचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला.

रेडिओलॉजिस्ट हे चित्र कसे वाचतो, ते थोडे जवळून पाहू. समजा, डाव्या वरच्या जबड्याचा कर्करोग असलेल्या रुग्णाचा एमआरआय समोर आहे. तो प्रथम कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वीची टी-वन प्रकारची चित्रे उघडतो. या चित्रांत चरबी पांढरीशुभ्र दिसते, नस राखाडी आणि मेंदूभोवतीचे पाणी काळे. नसा कवटीत शिरतात त्या प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी निसर्गाने चरबीची छोटीशी गादी ठेवलेली आहे. कानामागच्या छिद्राखाली सातवीसाठी, फोरामेन ओव्हॅलेखाली पाचवीच्या तिसऱ्या शाखेसाठी, आणि वरच्या जबड्याच्या मागे टेरिगोपॅलटाइन पोकळीत दुसऱ्या शाखेसाठी. रेडिओलॉजिस्ट उजवी-डावी बाजू शेजारी ठेवून या गाद्या तपासतो. उजवीकडे पांढरा त्रिकोण आहे आणि डावीकडे त्या जागी राखाडी भरणा, तर निदान बरेचसे तिथेच झाले. कॉन्ट्रास्ट औषधही अजून द्यायचे असते.

ही टेरिगोपॅलटाइन पोकळी आकाराने लहान, पण तिचे महत्त्व तिच्या दरवाजांत आहे. दिल्लीकरांनी तिला काश्मिरी गेट मेट्रो स्थानक समजावे: वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या जिथे येऊन भेटतात आणि जिथून कुठेही जाता येते, अशी जागा. एक दार डोळ्याच्या खोबणीत उघडते, एक नाकात, एक टाळूकडे खाली, एक चावण्याच्या स्नायूंकडे बाहेर, एक फोरामेन रोटंडम या गोल छिद्रातून कवटीच्या आतल्या कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या पोकळीकडे, आणि एक व्हिडियन नलिकेतून सातवीकडे. म्हणून या पोकळीतली चरबी गेली की रेडिओलॉजिस्ट तिथे थांबत नाही. प्रत्येक दारामागे काय चालले आहे, हे त्याला क्रमाने पाहावे लागते.

मग कॉन्ट्रास्टनंतरची चित्रे. गॅडोलिनियममुळे कर्करोगग्रस्त नस उजळते, पण आसपासची चरबीही पांढरीच असते, आणि पांढऱ्यात पांढरे दिसत नाही. म्हणून या टप्प्यावर चरबीचा संकेत दाबून टाकावा लागतो. तसे केले की काळ्या पार्श्वभूमीवर नस उजळून दिसते. आता नस जाड झाली आहे का, छिद्रातून आत जाताना ती भरून आली आहे का, हे तो पाहतो. शेवटी मेकेलची गुहा. योहान फ्रीडरिश मेकेल यांनी १७४८ मध्ये वर्णन केलेली ही जागा म्हणजे पाचवीचे गँग्लिऑन, म्हणजे तिच्या पेशींचा गुच्छ, जिथे बसतो ती पाण्याने भरलेली पिशवी. टी-टू या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात, जिथे पाणी पांढरे दिसते, ती नेहमी पांढरी चमकते. एका बाजूची चमक हरपली, की समजायचे, कर्करोग कवटीच्या आत आला.

आणखी एक खूण अशी की ती नसेत नाही, स्नायूत सापडते. पाचवीची तिसरी शाखा बिघडली की चावण्याचे स्नायू बेवारस होतात. सुरुवातीचे काही आठवडे ते सुजतात आणि टी-टू चित्रात उजळ दिसतात. पुढे महिन्या-महिन्यांनी ते वाळतात आणि त्यांच्या जागी चरबी भरते. एकाच बाजूचे चारही स्नायू एकदम बारीक झालेले दिसले, तर नसेचे मूळ शोधायलाच हवे. प्रत्यक्ष गाठ नजरेतून निसटली तरी हा स्नायूंचा पुरावा निसटत नाही. रुग्णाला आरशात कानशिलावर खड्डा पडलेला दिसतो तो याचमुळे, आणि बहुधा तो वयाच्या किंवा अशक्तपणाच्या खाती घातला जातो.

या तपासणीच्या मर्यादाही नीट माहीत असायला हव्यात. अमेरिकेत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम नेमझेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये शस्त्रक्रियेतील निष्कर्षांशी एमआरआय ताडून पाहिला. ज्यांच्या नसेत प्रसार होता त्यांच्यात एमआरआयने तो सुमारे ९५ टक्के वेळा ओळखला, पण तो नेमका कुठवर गेला आहे याचा पूर्ण नकाशा फक्त ६३ टक्के वेळा बरोबर आला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या मूठभर पेशी कुठल्याच यंत्राला दिसत नाहीत. दातांमधल्या धातूच्या भरावामुळे आणि नाकाशेजारच्या सायनसमधल्या हवेमुळे चित्र विकृत होते, चरबी दाबण्याची क्रिया नेमकी कवटीच्या तळाशी फसते. छिद्रांमध्ये नसेभोवती शिरांचे जाळे असते, ते निरोगी माणसातही उजळते, आणि अननुभवी डोळ्याला तो कर्करोग वाटू शकतो. पेट स्कॅन इथे फारसा मदतीला येत नाही, कारण नस बारीक आणि शेजारचा मेंदू इतकी साखर खेचणारा की त्याच्या उजेडात ती हरवून जाते. चेहऱ्याच्या कर्करोगासाठी चांगला एमआरआय म्हणजे तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक काप, हनुवटीपासून मेंदूच्या देठापर्यंतचा टापू, कॉन्ट्रास्टच्या आधीची आणि नंतरची चित्रे. ही यादी तंत्रज्ञाला आधी माहीत नसेल तर तो नेहमीचा पाच मिलिमीटरचा मानेचा एमआरआय करून देतो, आणि त्यात ही वाट सापडेलच असे नाही.

इथेच विनंतीपत्राचा प्रश्न येतो. रुग्णालयांतल्या एमआरआयच्या फॉर्मवर बहुधा एकच ओळ असते: गालाचा कर्करोग, एमआरआय करावा. त्याऐवजी 'डावी हनुवटी दोन महिन्यांपासून बधिर, व्ही-थ्री (पाचवीची तिसरी) शाखा कवटीच्या तळापर्यंत पाहावी' असे लिहिले, तर तंत्रज्ञ काप बदलतो, रेडिओलॉजिस्ट छिद्रे मोजतो आणि अहवालात उत्तर मिळते. ही ओळ लिहिण्यासाठी डॉक्टरला एक मिनिट आणि कापसाचा एक बोळा लागतो. बोळ्याचे टोक कपाळ, गाल आणि हनुवटीवर दोन्ही बाजूंना आलटून पालटून टेकवायचे. दात घट्ट आवळायला सांगून कानशिलावरचे आणि जबड्यावरचे स्नायू चाचपायचे. तोंड उघडायला सांगून जबडा एका बाजूला ढळतो का, पाहायचे. एवढी तपासणी जिल्हा रुग्णालयातही होते आणि झालीच पाहिजे. ती न करता राजधानीच्या मोठ्या रुग्णालयात रुग्ण पाठवणे म्हणजे अर्धी माहिती घरी ठेवून त्याला प्रवासाला लावणे आहे.

सातव्या नसेची गोष्ट वेगळ्या प्रकारे फसवते. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली की आपल्याकडे 'तोंडावरून वारं गेलं' म्हणतात, आणि बहुतेक वेळा तो साधा बेल्स पाल्सीच असतो. तो एक-दोन दिवसांत पूर्ण वाढतो आणि आठवड्या-महिन्यांत सुधारू लागतो. पण लुळेपणा तीन आठवड्यांनंतरही हळूहळू वाढतच असेल, चेहऱ्याची एकच फांदी बिघडलेली असेल, तीन महिन्यांत काहीच सुधारणा नसेल किंवा त्याच बाजूला पुन्हा झटका आला असेल, तर तो बेल्स पाल्सी मानून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. अशा वेळी कानाखालची लाळग्रंथी चाचपायला हवी आणि कानामागच्या छिद्रापासून मेंदूपर्यंत पूर्ण नसेचा कॉन्ट्रास्ट एमआरआय काढायला हवा. गालावरचा जुना चट्टा, पूर्वी काढलेली 'साधी गाठ', कानाजवळचे वर्षांपूर्वीचे ऑपरेशन यांची आठवण रुग्णाने डॉक्टरला स्वतःहून करून द्यावी.

नसांची हीच वाट दिल्लीने २०२१ मध्ये दुसऱ्या रूपात पाहिली. कोविडच्या दुसऱ्या लाटेमागोमाग मे महिन्यात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराच्या रुग्णांनी शहरातली रुग्णालये भरून गेली. ती बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, तशी नसांच्या आवरणातूनही सरकते, आणि तिचाही अड्डा बहुधा हीच टेरिगोपॅलटाइन पोकळी. नाकातून आलेली बुरशी इथून डोळ्यात, टाळूत आणि मेंदूकडे जाते. गाल बधिर झाल्याची तक्रार त्या काळात धोक्याची घंटा ठरली, आणि रेडिओलॉजिस्टांनी त्या महिन्यांत हाडामागची ही चरबी जितक्या वेळा तपासली तितकी कदाचित त्याआधीच्या वर्षांत तपासली नसेल. एमआरआयवर बुरशी आणि कर्करोग कधी कधी इतके सारखे दिसतात की अखेरचा निवाडा तुकडा तपासणीनेच होतो. श्वान पेशींची साधी गाठ, सारकॉइडोसिस, लिम्फोमा हेही अशा सारख्या दिसणाऱ्या आजारांच्या यादीत येतात.

चित्रात नसेतला प्रसार दिसल्याने उपचार बदलतात, म्हणून हे सगळे महत्त्वाचे. कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या एजेसीसी या अमेरिकी समितीच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत तोंडाचा कर्करोग चावण्याच्या स्नायूंच्या कप्प्यात, टेरिगॉइड हाडात किंवा कवटीच्या तळात शिरला की त्याला टी-फोर-बी म्हणतात, आणि पूर्वी असे रुग्ण सरसकट शस्त्रक्रियेबाहेर ठेवले जात. आता जबड्याच्या खाचेखालचा प्रसार आणि तिच्यावरचा प्रसार यांत फरक केला जातो. खालच्या भागापर्यंतच आजार असेल तर संपूर्ण कप्पा काढून रुग्णाला बरे करण्याचा प्रयत्न करता येतो. नस धरून वर, छिद्रापर्यंत किंवा मेकेलच्या गुहेपर्यंत आजार पोहोचला असेल तर शस्त्रक्रियेचा बेत पालटतो. किरणोपचारांच्या आखणीत नसेचा पूर्ण मार्ग धरावा लागतो, आणि तोही मेंदूचा देठ व डोळ्याची नस वाचवून. हे काम मिलिमीटरांचे आहे, म्हणून प्रोटॉन किरणांचा विचार होतो. चेन्नईत २०१९ पासून आणि टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील सुविधेत २०२३ पासून ते मिळू लागले आहेत.

दिल्लीत या रुग्णांचे ओझे मोठे आहे. उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणा, राजस्थान, उत्तराखंड येथून लोक एम्सच्या रोटरी कर्करोग रुग्णालयात, रोहिणीच्या राजीव गांधी कर्करोग संस्थेत, दिलशाद गार्डनच्या राज्य कर्करोग संस्थेत येतात. २०१८ अखेर झज्जर जिल्ह्यातल्या बाढसा गावी एम्सची राष्ट्रीय कर्करोग संस्था रुग्णांसाठी सुरू झाली. एमआरआयच्या तारखांसाठी सरकारी रुग्णालयांत महिनोन् महिने थांबावे लागते, हे दिल्लीत राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. नसेच्या आजाराला हे थांबणे सर्वांत महागात पडते, कारण तोवर तो एक छिद्र ओलांडून पुढे गेलेला असू शकतो. २०२५ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या पवईतील समीर या संस्थेचे दीड टेस्ला क्षमतेचे स्वदेशी एमआरआय यंत्र चाचणीसाठी एम्समध्ये बसवण्याचा करार झाला. यंत्र देशातच बनून स्वस्त झाले आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत पोहोचले, तर दिल्लीच्या रांगेतला मोठा हिस्सा कमी होईल. मात्र त्या यंत्रासोबत चेहऱ्यासाठीची बारीक कापांची पद्धत आणि ती वाचणारा प्रशिक्षित डोळाही जिल्ह्यात पोहोचायला हवा.

शेवटी उपचारांनंतरची वर्षे. किरणोपचार संपल्यावर साधारण दोन ते तीन महिन्यांनी काढलेला एमआरआय हा पुढच्या सगळ्या तपासण्यांचा आधार ठरतो. त्यानंतर उपचार झालेली नस वर्षानुवर्षे थोडी उजळ दिसत राहू शकते, आणि ती वाढत नसेल तर घाबरण्याचे कारण नसते. ती वाढते आहे की नाही, हे जुन्या चित्राशेजारी नवे ठेवूनच कळते. अहवालाच्या कागदावर 'किंचित उजळ' एवढेच छापलेले असते, त्यावरून पुढच्या रेडिओलॉजिस्टला काही ताडता येत नाही. गोरखपूरहून आलेला रुग्ण असो, की निवृत्तीनंतर दिल्ली सोडून मुलाकडे नागपूरला किंवा पुण्याला जाणारा आपला शेजारी, प्रत्येक एमआरआयची सीडी त्याने स्वतःजवळ जपून ठेवावी, पुढच्या डॉक्टरकडे ती बरोबर न्यावी, आणि चेहऱ्याचा कुठला भाग बधिर आहे, कधीपासून, आणि वाढतो आहे का, हे तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमाच्या रुग्णाने ती वही पंधरा वर्षांनंतरही बंद करू नये.